लातूर ते परळी : एका युनिटमागचे पाणी

डिसेंबरमध्ये परळीला खालाजानच्या नातवाचा अकीका होता. शनिवारी शाळा लवकर सुटली. आम्ही घरातले पाचही जण, अम्मीला सोबत घेऊन, लातूरच्या बसस्थानकावर पोहोचलो आणि अंबाजोगाईमार्गे जाणारी एसटी धरली. ही वाट आम्हाला लहानपणापासून पाठ आहे. शहर मागे पडले की थोड्याच वेळात मांजरा नदी येते, मग रेणापूर, मग बर्दापूर, मग अंबाजोगाई. अम्मी अजूनही अंबाजोगाईला मोमिनाबादच म्हणतात. निजामाच्या काळात तिथे घोडदळाची छावणी होती आणि गावाचे नाव मोमिनाबाद होते. जुन्या माणसांच्या तोंडून ते नाव अजून गेलेले नाही.

मांजराच्या पुलावर आमच्या धाकट्याने खिडकीतून मान बाहेर काढली. खाली पाणी होते, चांगले पसरलेले. तो म्हणाला, "अब्बू, याच नदीचे पाणी संपले होते ना? तेव्हाच रेल्वे आली होती ना?" तो पाचवीत आहे. ती रेल्वे त्याने पाहिलेली नाही, आमच्याकडून ऐकली आहे.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊन भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले. मग १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूर स्थानकात आली. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून आलेल्या त्या पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, एकेका टाकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. पुढे ५० टाक्यांची गाडी येऊ लागली, म्हणजे एका खेपेला २५ लाख लिटर. त्या वर्षी रमजान जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला, तेव्हाही ही गाडी येतच होती. सहरीला उठल्यावर आमच्या घरात पहिला प्रश्न असायचा, वुजूसाठी किती पाणी ठेवले आहे? अम्मी प्रत्येकाला एक एक लोटा भरून द्यायच्या. त्यापेक्षा जास्त मागायची कुणाची हिंमत नव्हती.

अंबाजोगाई सोडून गाडी बालाघाटाच्या उताराला लागली आणि परळीच्या चिमण्या दिसू लागल्या. लहानपणी आम्ही चिमणी आधी कोण पाहतो याची पैज लावत असू. मुलांनीही तेच केले.

खालाजानच्या अंगणात

रविवारी सकाळी खिचडी-खट्टा झाला, दुपारी अकीक्याची दावत झाली. पाहुणे पांगल्यावर अंगणात बाजा टाकून आम्ही बसलो. खालाजानचा मधला मुलगा वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला आहे. त्याला आम्ही मोठ्या अभिमानाने सांगितले की आमच्या गच्चीवर आता तीन किलोवॅटचे सौर पॅनल बसले आहेत. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते. आमचे बिल जवळपास शून्यावर आले आहे.

तो हसला आणि म्हणाला, "मुबारक असो भाई. पण एक सांगा, मगरिबनंतर तुमच्या घरात दिवा कशावर लागतो? गच्चीवर बॅटरी आहे का?"

बॅटरी नव्हती. आमच्याकडे नेट मीटर आहे. दिवसा जास्तीची वीज तारेवर जाते, रात्री तारेवरून परत येते. हिशेब कागदावर बरोबर जुळतो.

"कागदावर जुळतो," तो म्हणाला. "पण सूर्य संध्याकाळी घरी जातो, आमचा बॉयलर जात नाही. इशाच्या नमाजला तुमचा पंखा आमच्या कोळशावर फिरतो."

उत्तर आमच्याजवळ नव्हते, कारण तो खरे बोलत होता. देशात तयार होणाऱ्या दर दहा युनिटांपैकी सात युनिट आजही कोळशापासून येतात. सौर पॅनल किती बसले याचे आकडे मोठे दिसतात, पण एक मेगावॅटचे सौर पॅनल दिवसभरात साधारण चार हजार युनिट वीज देतात. एक मेगावॅटचा कोळशाचा संच चोवीस तास पूर्ण चालला तर २४ हजार युनिट देतो. शिवाय सौर पॅनलची वीज येते दुपारी आणि घरोघरी दिवे, टीव्ही, पंखे, मिक्सर एकदम सुरू होतात ते संध्याकाळी.

मग आमच्या मोठीने, ती नववीत आहे, एक साधा प्रश्न विचारला. "चाचा, त्या रुंद टॉवरमधून जो पांढरा धूर निघतो, तो कोळशाचा असतो का?"

"नाही बेटा, तो धूर नाही. ती वाफ आहे. पाणी आहे ते."

त्याने मुलांना समजावून सांगितले. कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेच्या जोराने टर्बाइन फिरते आणि टर्बाइनबरोबर जनित्र फिरून वीज तयार होते. मग ती वाफ थंड करून पुन्हा पाणी करावे लागते. थंड करण्यासाठी दुसरे पाणी लागते. ते गरम होते, कुलिंग टॉवरमध्ये वरून खाली पडता पडता थंड होते, पण त्यातला काही भाग वाफ होऊन आकाशात निघून जातो. तेवढे पाणी रोज नव्याने आणावे लागते. परळीला ते गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून येते.

"आणि गोदावरीत पाणी नसले तर?"

यावर तो थोडा वेळ गप्प राहिला. २०१३ च्या फेब्रुवारीत नेमके तेच झाले होते. पाणी नाही म्हणून परळीचे सगळे संच बंद करावे लागले. तेव्हा केंद्राची क्षमता ११३० मेगावॅट होती. कोळसा होता, यंत्रे होती, माणसे होती, फक्त पाणी नव्हते. २०१५ च्या जुलैत पुन्हा तीच वेळ आली. त्या महिन्यांत ठेकेदाराने त्याला घरी बसवले होते. खालाजान म्हणाल्या, "त्या दिवसांत याने रिक्षा चालवली, बेटा. आम्ही कुणाला सांगितले नाही."

सूर्य रोज संध्याकाळी घरी जातो हे खरे. पण परळीचा बॉयलरही दुष्काळात महिनोन् महिने घरी गेला होता.

वहीच्या पानावरचा हिशेब

त्या रात्री आम्ही मोठीच्या वहीच्या शेवटच्या पानावर हिशेब मांडला. केंद्र सरकारने २०१५ मध्ये औष्णिक वीजकेंद्रांच्या पाणीवापरावर मर्यादा घातली. कुलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांना एका युनिटमागे जास्तीत जास्त साडेतीन लिटर पाणी वापरता येते. २०१७ नंतरच्या नव्या केंद्रांसाठी ही मर्यादा तीन लिटर आहे.

एक युनिट म्हणजे किती? घरातला साधा पंखा बारा-तेरा तास फिरला की एक युनिट होते. म्हणजे एका पंख्याच्या एका रात्रीमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी. हदीसमध्ये आले आहे की रसूलुल्लाह (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करत. मुद्द म्हणजे आजच्या मापाने साधारण पाऊण लिटर. म्हणजे एका युनिटमागे सुन्नतच्या मापाने चार-पाच वुजूंचे पाणी आकाशात जाते.

आता परळीचा हिशेब. जुने संच निवृत्त झाल्यावर तिथे आज २५० मेगावॅटचे तीन संच आहेत, एकूण ७५० मेगावॅट. ते पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालले तर एक कोटी ८० लाख युनिट वीज तयार होईल. युनिटमागे साडेतीन लिटर धरले तर ६ कोटी ३० लाख लिटर पाणी. मोठीने त्याला २५ लाखांनी भागले आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. पंचवीस. म्हणजे २०१६ मध्ये लातूरने जिची वाट पाहिली, तशा पंचवीस रेल्वे, रोज.

२०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. माणशी रोज १३५ लिटर या शहरी मापाने एवढ्या लोकसंख्येला पाच कोटी लिटरच्या आसपास पाणी लागते. परळीचे तीन संच पूर्ण जोरात चालले, तर त्यांची तहान एका अख्ख्या लातूरपेक्षा जास्त ठरू शकते.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लातूर २०१६ मध्ये तहानलेले राहिले ते परळीमुळे नव्हे. लातूर मांजरावर अवलंबून आहे, परळी गोदावरीवर. पण दोन्ही नद्या याच मराठवाड्याच्या पावसावर आणि वरच्या धरणांच्या कृपेवर जगतात. एका नदीत पाणी नसते त्या वर्षी दुसरीतही फारसे नसते.

मावसभावाने हिशेब पाहिला आणि म्हणाला, "नागपूरकडे कोराडी, खापरखेड्याला शहराचे सांडपाणी शुद्ध करून वापरतात. तसे इथे करता येईल." सूचना चांगली आहे. पण नागपूर हे नागपूर आहे. परळी-अंबाजोगाईत तेवढे सांडपाणी आणायचे कुठून? शिवाय पाण्यानंतर राखेचा प्रश्न उरतोच. आपल्या देशी कोळशात तीस ते चाळीस टक्के राख असते. ती विटा आणि सिमेंटला कामी येते, पण उरलेली कुठेतरी साठवावीच लागते.

औशाच्या शिवारातली 'बॅटरी'

परळीहून परतल्यावर मावसभावाचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. मगरिबनंतर काय? पुढच्या रविवारी औसा तालुक्यात मेहुण्याच्या शेतावर हुरड्याला गेलो. त्या तालुक्यात आता माळरानावर निळ्या पॅनलच्या रांगा दिसतात. मेहुण्याकडे 'मागेल त्याला सौर कृषीपंप' योजनेतला पाच अश्वशक्तीचा पंप आहे. त्यात शेतकऱ्याने दहा टक्के रक्कम भरायची असते.

पूर्वी शेतीची वीज आठवड्यातून काही दिवस रात्रीच यायची. मेहुणा बॅटरी हातात घेऊन, पायात गमबूट घालून रात्री दोनला पाणी द्यायला जायचा. आमची बहीण दारात बसून राहायची. साप, विंचू, ओली वायर, काय नाही त्या अंधारात. "आता मी रात्री घरी झोपतो," तो म्हणाला. आम्हाला वाटते, आकडेवारीत न बसणारा सौर ऊर्जेचा सगळ्यात मोठा फायदा हाच असावा.

आम्ही त्याला विचारले, ढग आले किंवा सूर्य मावळला की काय करतोस? त्याने बांधाकडे बोट दाखवले. तिथे प्लास्टिक अंथरलेले शेततळे होते, काठोकाठ भरलेले. "दुपारी ऊन जोरात असते तेव्हा विहिरीतून इकडे पाणी चढवतो. हवे तेव्हा इथून उताराने ठिबकला सोडतो. माझी बॅटरी हीच आहे."

मेहुणा बारावी नापास आहे. पण त्याने जे केले, तेच मोठमोठे अभियंते डोंगरावर करतात. अकोले तालुक्यात घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ पासून चालू आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर एक तलाव, कोकणाच्या बाजूला पायथ्याशी दुसरा. वीज जास्त असते तेव्हा खालचे पाणी वर चढवायचे, वीज कमी पडते तेव्हा तेच पाणी खाली सोडून वीज करायची. चढवायला जेवढी वीज लागते, त्यातली साधारण तीन चतुर्थांश परत मिळते. पाणी तेच राहते, वर जाते आणि खाली येते. उन्हाने उडते तेवढेच कमी होते. आपल्या मराठवाड्यातही पैठणला जायकवाडी धरणावर असा दोन्ही बाजूंनी चालणारा १२ मेगावॅटचा संच आहे. आता राज्य सरकारने सह्याद्रीत असे अनेक प्रकल्प उभारण्याचे करार केले आहेत.

दुसरा मार्ग खऱ्याखुऱ्या बॅटरीचा. शेजारच्या छत्तीसगडमध्ये राजनांदगावला १०० मेगावॅटच्या सौर प्रकल्पाला मोठ्या बॅटऱ्या जोडल्या आहेत. त्या ४० मेगावॅट वीज सलग तीन तास देऊ शकतात. म्हणजे साधारण मगरिबपासून इशा होऊन जेवणे आटोपेपर्यंत. दहा वर्षांपूर्वी हे परवडत नव्हते. बॅटऱ्यांचे भाव तेव्हापासून बरेच उतरले आहेत.

मावसभावाच्या प्रश्नाचे उत्तर हे होते. दुपारचे ऊन संध्याकाळपर्यंत राखून ठेवायला शिकणे हाच आता खरा प्रश्न आहे. पॅनल लावणे सोपे आहे, ते आमच्यासारख्या मास्तरांनाही जमले.

मेहुण्याच्या शेततळ्यात एक धोकाही दिसला. सूर्याला बिल नसते, म्हणून विहिरीतून हवे तेवढे पाणी उपसले तर भूजल संपेल. वीज फुकट झाली म्हणून पाणी फुकट होत नाही. वाहत्या नदीच्या काठी बसून वुजू करतानाही पाणी वाया घालवू नका, ही आपल्या प्रेषितांची (स.) शिकवण सौरपंपालाही लागू आहे.

मग कोळसा बंद करायचा का?

आमच्या शाळेत हा विषय निघाला की मुले लगेच दोन गट करतात. आम्ही त्यांना सांगतो, घाई करू नका. आज रात्रीचा दवाखान्यातला व्हेंटिलेटर आणि गिरणीतली मोटार कोळशावर चालते आहे. चालू असलेली केंद्रे उद्या बंद करा म्हणणे शहाणपणाचे नाही. परळीतल्या हजारो घरांची चूलही त्यावर पेटते, आमच्या खालाजानचीही.

पण नवे केंद्र उभारणे ही वेगळी गोष्ट आहे. २०२४ मध्ये महावितरणने ५००० मेगावॅट सौर आणि सुमारे १६०० मेगावॅट नव्या औष्णिक विजेची एकत्रित निविदा काढली. त्यात सौर विजेचा दर युनिटमागे २ रुपये ७० पैसे आला. म्हणजे सरकारलाही अजून दोन्ही लागतील असे वाटते. कोळशाचे केंद्र बांधायला चार-पाच वर्षे लागतात आणि मग ते पंचवीस-तीस वर्षे, कधी त्याहून जास्त, चालते. आज पायाभरणी झालेल्या केंद्राला आमच्या धाकट्याच्या मुलांच्या वाट्याचे पाणी लागेल. ते पाणी कुठल्या नदीतून येणार, हे आधी विचारले पाहिजे. परळीने २०१३ आणि २०१५ मध्ये जो धडा दिला तो मराठवाड्यात तरी विसरू नये. जिथे प्यायचे पाणी रेल्वेने आणावे लागले, त्या प्रदेशात पाणी पिणारे नवे केंद्र उभे करण्यापेक्षा तोच पैसा ऊन साठवण्यावर खर्च करावा, असे आम्हाला वाटते.

आणि आमच्या मावसभावासारख्या माणसांचे काय? तो वायरिंग जाणतो, मोटार खोलतो, मोठ्या यंत्राला घाबरत नाही. सौर प्रकल्पाला आणि बॅटरी केंद्रालाही अशी माणसे लागतात. पण ठेकेदाराच्या कामगाराला कुणी आपणहून बोलवायला येत नाही. त्याला आधी प्रशिक्षण आणि मग नेमणूक मिळाली पाहिजे. नाहीतर पुन्हा एकदा कुणाच्या तरी अंगणातली रिक्षा बाहेर निघेल.

मोहल्ल्यात काय करता येईल

परळीहून आल्यानंतर आम्ही घरात दोन-तीन गोष्टी बदलल्या. पाण्याची मोटार, वॉशिंग मशीन, इस्त्री ही कामे सकाळी दहा ते दुपारी चारच्या दरम्यान उरकतो. ऊन असते तेव्हाची वीज तेव्हाच वापरली, तर संध्याकाळी कोळशावरचा भार तेवढा कमी होतो. स्मार्ट मीटर असलेल्या घरांना २०२५ पासून दिवसाच्या वापरावर दरात सवलतही मिळते. घरातल्या स्त्रियांनी ठरवले तर हा बदल आठवडाभरात होतो. आमच्या घरी अम्मींनी तो एका दिवसात करून घेतला.

मोहल्ल्याच्या मशिदीत जनरेटर आहे, डिझेलचा खर्च वाढतो आहे. कमिटीत सौर पॅनलचा विषय निघाला तेव्हा आम्ही मेहुण्याचे शेततळे सांगितले. ठरले असे की आधी वुजूखान्याची टाकी मोठी करायची, ती दुपारच्या उन्हावर भरून ठेवायची, आणि बॅटरी फक्त अजानचा माइक, काही दिवे आणि थोडे पंखे चालतील एवढीच घ्यायची. एका बुजुर्गांनी विचारले, "इतकी छोटी बॅटरी पुरेल?" इमामसाहेब म्हणाले, "पाणी वर चढलेले असेल, तर बाकीचे पुरेल, इन्शाअल्लाह." वर्गणी सुरू झाली आहे.

मावसभावाला फोन करून हे सांगितले. तो म्हणाला, "वायरिंगला मला बोलवा भाई. मजुरी घेणार नाही." रमजानच्या आधी तो लातूरला येणार आहे. अल्लाहतआला त्याच्या हातांना बरकत देवो आणि आपल्या नद्यांनाही.